शीवच्या रुग्णालयातले सहा दिवस

शीव म्हणजे हद्द. गावाची शीव आपण म्हणतो तीच ही. मुंबई बेट इंग्रजांकडे आणि पलीकडची साष्टी पोर्तुगिजांकडे होती, तेव्हा दोन्ही मुलखांची सरहद्द इथे होती. टेकडीवर अजून एक लहानसा किल्ला आहे. इंग्रज गव्हर्नर जेरल्ड आँजिए याच्या काळात, म्हणजे १६६९ ते १६७७ या वर्षांत तो बांधला गेला. इंग्रजांनी शीवचं सायन केलं आणि रेल्वेच्या पाटीवर आता दोन्ही नावं दिसतात. मी उर्दू हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, त्यामुळे गावांच्या नावांची फोड करत बसण्याची खोड आहे. त्या पहाटे मात्र पाटी वाचूनही काही सुचलं नाही. सोबत माझी थोरली बहीण होती. तिला मी आपा म्हणते. तिच्या मुलीला, माझ्या भाचीला, सहाव्या महिन्यातच कळा येऊन मुलगी झाली होती आणि ती मुलगी शीवच्या रुग्णालयात काचेआड होती.

खेडहून आम्ही मध्यरात्रीनंतर कोकणकन्येत बसलो होतो. ठाण्याला उतरून धीमी लोकल पकडली. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुर्ला ही स्टेशनं जाताना आपा एक शब्द बोलली नाही, फक्त तस्बीहचे मणी सरकत होते. कुर्ल्याला जावई चढला. भाचीचं सासर कुर्ल्याचंच. तो म्हणाला, "खाला, वजन सहाशे ऐंशी ग्रॅम आहे." मग हाताची ओंजळ करून दाखवली आणि पटकन हात खाली घेतला.

लोकमान्य टिळक रुग्णालय हे त्याचं पूर्ण नाव, पण सगळी मुंबई त्याला सायन हॉस्पिटल म्हणते. १९४७ साली लष्कराच्या जुन्या बराकींत ते सुरू झालं. आज ते महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांपैकी एक आहे आणि धारावी अगदी लागून असल्यामुळे इथे येणारा माणूस बहुधा हातावर पोट असलेला असतो. फाटकापासूनच गर्दी. केस पेपरच्या खिडकीपुढे रांग, जिन्यावर बसलेली माणसं, स्टीलचे डबे, चादरी, कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट. मराठी, तमिळ, भोजपुरी, दखनी, सगळ्या बोली एका जिन्यावर ऐकू येतात. आम्हा गावाकडच्या माणसांना आधी भीती वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र कोणत्या मामांना विचारायचं, पाणी कुठे गार मिळतं, कोणत्या खिडकीशी मोबाइलला रेंज येते हे आपोआप कळायला लागतं.

नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग म्हणजे एनआयसीयू. दारात चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, बांगड्या आणि घड्याळ उतरवायचं. वुजू करणाऱ्या माणसाला हे नवं वाटत नाही. आपाने हात धुताना सवयीने चूळही भरली आणि तिथली सिस्टर हसली. आत गरम हवा आणि सतत पिपाणीसारखे आवाज. वरून उष्णता देणाऱ्या उघड्या पाळण्यांना तिथे वॉर्मर म्हणतात. आमची मुलगी अशाच एका वॉर्मरवर, प्लॅस्टिकच्या पातळ आवरणाखाली होती. कातडी इतकी नाजूक की खालच्या शिरा दिसत होत्या. तोंडात श्वासाची नळी, नाभीत एक बारीक नळी, पायाच्या तळव्याला लाल उजेडाची चिकटपट्टी. पंचविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ असं असतं. पापण्या, नखं, कानाची पाळी, सगळं काही असतं, पण फुप्फुसं आणि मेंदूतल्या शिरा जगाला तोंड द्यायला तयार नसतात.

या विभागाचा एक इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी इथे अनेक वर्षं नवजात बाळांवर उपचार केले. पुढे त्या या रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. त्या काळी आजारी बाळाला आईपासून दूर ठेवायचं आणि बाटलीने पावडरचं दूध पाजायचं ही सर्रास रीत होती. बाळं जंतुसंसर्गाने दगावत. डॉ. फर्नांडिस यांनी आयांना आत घेतलं, त्यांना बाळाची निगा शिकवली, वरचं दूध बंद केलं. ज्या बाळाला आईचं दूध मिळू शकत नाही त्याच्यासाठी १९८९ साली त्यांनी इथे मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली ही पहिली दूधपेढी. आज "आईला आत सोडा" हे वाक्य साधं वाटतं. पण आई वॉर्डात आली की फक्त दूध येत नाही. बाळ वाचत असो वा नसो, त्याच्याजवळ त्याचं माणूस असतं.

पहिले तीन दिवस भाची व्हीलचेअरवरून यायची. तिला सिस्टरने शिकवलं की हात फिरवायचा नाही, अशा कातडीला गोंजारणं झोंबतं. एक तळहात डोक्याला आणि एक पायांना लावून नुसता ठेवायचा, पोटातल्यासारखं बाळाला वाटतं. हाताने पिळून काढलेलं पहिलं दूध, तो पिवळा चीक, सिस्टर कापसाच्या बोळ्याने बाळाच्या गालाच्या आतून लावायची. आपाला वाटत होतं की तहनीक करायला हवी, खजूर आणला होता. सिस्टर म्हणाली, "आजी, खजूर नको. पण हेच तिचं पहिलं गोड समजा." आपाने खजुराची पुडी परत पिशवीत टाकली.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. उभ्याउभ्या नाही, वॉर्डाशेजारच्या छोट्या खोलीत खुर्च्या मांडून. भाची, जावई, आपा आणि मी. एवढ्या गर्दीच्या ठिकाणी कुणीतरी खुर्ची ओढून समोर बसतं याची मी मनात नोंद केली. डॉक्टर तरुण होत्या, सोलापूरकडची बोली होती. त्यांनी सोनोग्राफीचा कागद दाखवला. मेंदूत दोन्ही बाजूंना मोठा रक्तस्राव झाला होता आणि फुप्फुसं यंत्राच्या पूर्ण जोरावरही साथ देत नव्हती. "आम्ही उपचार थांबवत नाही आहोत," त्या म्हणाल्या. "उपचार कशासाठी करायचे ते बदलतंय. आतापर्यंत ती जगावी म्हणून करत होतो. आता तिला दुखू नये आणि ती तुमच्याजवळ असावी म्हणून करू."

यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हा शब्द आपल्याकडे कॅन्सरच्या शेवटच्या रोग्यांसाठी ऐकू येतो, तोही क्वचित. दोन-चार दिवसांच्या बाळासाठी असं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी शिकलेली बाई आहे. म्हणून त्यात काय केलं जातं ते लिहिते. रक्त काढणं, टाचेत सुई टोचणं हे बंद होतं, कारण त्या तपासण्यांनी आता काही ठरणार नसतं. दुखण्यावरचं औषध मोजून दिलं जातं, गरज असेल तर मॉर्फीनसुद्धा. ऊब कायम ठेवतात. ओठ कोरडे पडू देत नाहीत. चेहऱ्यावरच्या अनावश्यक पट्ट्या हळूच ओल्या करून काढतात, म्हणजे आईला चेहरा पाहता येतो. यंत्राचा आवाज बंद करून पडदा दुसरीकडे वळवतात, म्हणजे घरचे आकड्यांकडे बघत न बसता बाळाकडे बघतात. हृदय थांबलं तर छातीवर दाब द्यायचा का, हे आधी आईबापाशी बोलून ठरवतात.

बाळाला दुखतं हे डॉक्टरी जगाने मान्य करायलाही वेळ लागला, हे वाचून मी थक्क झाले. १९८०च्या दशकापर्यंत अनेक देशांत तान्ह्या बाळांची शस्त्रक्रिया जवळजवळ भुलीशिवाय होत असे. स्नायू सैल करणारं औषध द्यायचं म्हणजे बाळ हलत नाही, पण वेदना तशीच. एवढ्या लहान जीवाच्या मज्जातंतूंना कळत नाही असा समज होता. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ साली सहकाऱ्यांसह अभ्यास प्रसिद्ध केला. पुरेशी भूल दिलेल्या बाळांचं शरीर शस्त्रक्रियेनंतर कितीतरी कमी हादरतं, असं त्यात दिसलं. त्यानंतर रीत पालटली. कुठल्याही आईला विचारलं असतं तर तिने आधीच सांगितलं असतं, पण आईचं म्हणणं लॅन्सेटमध्ये छापून येत नाही.

जावयाने विचारलेला प्रश्न आपल्या प्रत्येक घरात येईल. "डॉक्टर, हे म्हणजे आम्हीच तिला मारायला सांगतोय असं तर नाही ना? आमच्यात ते हराम आहे." डॉक्टर रागावल्या नाहीत. जीव घेण्यासाठी काहीही देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. यंत्र आजच्या आज काढायचं असंही नव्हतं. नवं औषध वाढवायचं नाही आणि बाळाला टोचण्या-दाबण्याचा त्रास द्यायचा नाही, एवढंच ठरवायचं होतं. विचारायला वेळ घ्या, तुमच्या मौलानांना विचारा, असं त्याच म्हणाल्या. जावयाने मोहल्ल्यातल्या मौलानांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. वेदना संपवण्यासाठी जीव घेणं आणि ज्याचा उपयोग उरला नाही तो उपचार न लादणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्यांनी सांगितलं. मग भाचीला फोन द्यायला सांगितला आणि तिच्याशीही बोलले. हे मला विशेष वाटलं. अशा वेळी फोन पुरुषांतच फिरतो.

संध्याकाळी आपा आणि मी आवारातल्या कट्ट्यावर चहा घेत होतो तेव्हा तिने बावीस वर्षांपूर्वीचं काढलं. ही भाची चार वर्षांची असताना आपाला मुलगा झाला होता. एका शहरातल्या रुग्णालयात, सातव्या महिन्यात. त्या रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. बाळ रडलं हे तिने कानांनी ऐकलं. मग त्याला नेलं. संध्याकाळी एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून ते चाचांच्या हाती दिलं गेलं आणि मगरिबच्या आत दफनही झालं. तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. कुणी वाईट वागलं असं नाही, सगळ्यांना वाटलं आपण तिला वाचवतोय. नाव ठेवलं नाही, म्हणून घरात त्याचा उल्लेख "तो" असाच होतो, तोही कधीतरी. "तोंड कुणासारखं होतं तेही कुणी सांगितलं नाही," आपा म्हणाली. मी तिची बहीण आहे, शेजारच्या घरात राहते, आणि हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

पाचव्या दिवशी सकाळी जावयाने आत जाऊन मुलीच्या कानात अजान दिली. जन्माच्या वेळी धावपळीत राहून गेली होती. सिस्टर म्हणाली, द्या, पण अगदी हळू, कारण एवढ्या लहान कानांना साधं बोलणंही मोठं वाटतं. मोठ्या आवाजाचा माणूस आहे तो. अल्लाहचं नाव इतकं हळू घेताना मी त्याला प्रथमच ऐकलं. नंतर नाव ठेवलं. सातव्या दिवशी ठेवायची रीत आहे, पण सातवा दिवस दिसेल याची खात्री नव्हती आणि आधी ठेवायला आडकाठी नाही. नाव भाचीने निवडलं. ते मी इथे लिहीत नाही, ते तिच्या घरचं आहे. वॉर्मरवरच्या चिठ्ठीवर आधी आईचं नाव आणि पुढे "ची मुलगी" असं होतं. सिस्टरने पेन काढलं आणि वर नाव लिहिलं. मग ती आणि रात्रपाळीची सिस्टर, दोघी तिला नावाने हाक मारायला लागल्या.

त्याच दुपारी बाळाला आईच्या छातीवर दिलं. नळ्या सांभाळायला दोन सिस्टर आणि एक डॉक्टर लागल्या. पदराआड, कातडीला कातडी लावून, वरून दुपटं. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्याच अंगाची ऊब द्यायला सुरुवात केली आणि तिथून ती जगभर गेली. जगणाऱ्या बाळांसाठी निघालेली ही युक्ती न जगणाऱ्या बाळालाही तितकीच लागते. भाची सव्वादोन तास हलली नाही. पायाला मुंग्या आल्या असतील, तहान लागली असेल. मी काचेतून बघत होते. बाळाच्या हाताची पाच बोटं तिच्या गळ्याखाली पसरली होती.

आपल्याकडे एक समज आहे की अशा वेळी रडणं म्हणजे सब्र मोडणं. म्हणून बायका पदर तोंडात कोंबतात आणि पुरुष बाहेर जाऊन उभे राहतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम दूधपीते असतानाच वारले. मदीनेत एका लोहाराच्या घरी ते दाईकडे वाढत होते. भात्याच्या धुराने भरलेल्या त्या घरात जाऊन प्रेषित (स.) बाळाला जवळ घेत. शेवटच्या घडीला त्यांनी त्याला कुशीत घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सोबतच्या सहाबींना आश्चर्य वाटलं, तेव्हा त्यांनी ती रहमत असल्याचं सांगितलं. ही हदीस आपल्याला ठाऊक असते. मशिदीत ऐकलेली असते. जिन्यात उभ्या असलेल्या जावयाला मात्र कुणीतरी तिची आठवण करून द्यावी लागते. ती मी दिली, शिक्षिका आहे म्हणून असेल. तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडला.

सहाव्या दिवशी फजरच्या थोडं आधी मुलगी गेली, आईच्या मांडीवर. रात्रपाळीच्या सिस्टरने हाक मारून उठवलं होतं, "ताई, आता घ्या तिला." नळी काढली होती. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, दोनदा तपासलं, वेळ सांगितली. कुणी घाई केली नाही. खिडकीबाहेर पहिली लोकल गेल्याचा आवाज आला.

कागदपत्रांचं लिहायला हवं, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. बाळ एक घटका जरी जगलं तरी त्याचा जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदवावे लागतात. कायद्याने मुदत २१ दिवसांची आहे आणि रुग्णालयात झालेली नोंद रुग्णालयच कळवतं. मृत्यूच्या कारणाचा दाखला हातात घेतल्याशिवाय निघू नका, कब्रस्तानात तो मागतात. नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा. माझा अनुभव असा की दुःखात लिहिलेली स्पेलिंगं पुढे शाळेच्या दाखल्यापेक्षा जास्त त्रास देतात.

कुर्ल्याच्या घरी गुसलची तयारी झाली. ज्या बाळाने जन्मल्यावर जिवंतपणाची काही खूण दाखवली, त्याला नाव, गुसल, कफन, जनाजाची नमाज, दफन सगळं असतं. आमच्या कोकणातल्या शाफिई घरांत असो की घाटावरच्या हनफी घरांत, यात मतभेद नाही. मेलेलं जन्मलेलं, पण चार महिने पुरे झालेलं बाळ असेल तर त्यालाही गुसल घालून, कापडात गुंडाळून इज्जतीने दफन करतात. नमाजीबद्दल मात्र इमामांची मतं वेगळी आहेत, हंबली मसलकात तीही पढतात. लहान मुलाचा गुसल बायका घालू शकतात, मुलगा असला तरी. हे बऱ्याच घरांत माहीत नसतं आणि मग सगळं पुरुषांवर सोपवून बायका आतल्या खोलीत बसतात.

इथेच वाद झाला. भाचीला त्या सकाळी घरी सोडलं होतं. शेजारच्या दोन वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, ओली बाळंतीण आहे, तिला बाहेर आणू नका, डोक्यात बसेल. सासूबाईंनाही तसंच वाटत होतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपा तोवर बादलीतलं पाणी कोपराने बघत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "मला दाखवलं नव्हतं. बावीस वर्षं डोक्यातच आहे." मग कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी स्वतः खुर्ची आणून ठेवली आणि सुनेला बसवलं. आपाने गुसल घातला, मी पाणी ओतलं. चहाच्या मोठ्या मगाने, एका वेळी अर्धा मग, एवढंच लागत होतं. नखांवरून चिकटपट्टीचा थोडा डिंक निघत नव्हता, तो आपाने खोबरेल तेल लावून काढला. कफनाचं कापड रुमालापेक्षा थोडं मोठं. बांधण्याआधी भाचीने पाऊल पाहिलं, कपाळ पाहिलं आणि म्हणाली, "नाक अम्मीसारखं आहे."

जनाजा जावयाने दोन हातांवर नेला. बालकाच्या नमाजीत त्याच्यासाठी माफी मागत नाहीत, त्याचा गुन्हाच नसतो. आईबापासाठी ते पुढे गेलेलं असावं, त्यांची शिफारस करणारं असावं, अशी दुआ मागतात.

दूध मात्र कुणाला विचारून थांबत नाही. चौथ्या दिवसानंतर ते भरून यायला लागलं होतं आणि बाळ गेल्यावरही येत राहिलं. याबद्दल आपल्याकडे कुजबुजत बोलतात, म्हणून उघड लिहिते. एकदम दाबून बांधू नये. दुखणार नाही इतपतच थोडं काढावं, दोन वेळांमधलं अंतर रोज वाढवावं, थंड ओलं फडकं ठेवावं, ताप आला किंवा लाली दिसली तर डॉक्टरांकडे जावं. दूध आटवायची गोळीही असते, पण ती डॉक्टरांना विचारूनच. सिस्टरने घरी पाठवताना हे सगळं सांगितलं होतं. दूधपेढीत द्यायचं का, हा प्रश्न भाचीनेच काढला. त्या पेढीत दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवतात आणि आईपासून तुटलेल्या बाळांना देतात, हे तिने वॉर्डात ऐकलं होतं. आपल्यापुढे अडचण दूधनात्याची. कुणाच्या बाळाने प्यायलं ते कळलं नाही तर पुढे दूधभाऊ-दूधबहिणीचं लग्न व्हायचं. जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९८५ साली याच कारणाने दूधपेढ्यांना नकार दिला. त्याच्या थोडं आधी शेख युसूफ करजावी यांनी मात्र त्यांना परवानगी असल्याचं मत दिलं होतं. शाफिई मसलकात नातं जुळायला पाच वेळा पाजणं लागतं, हनफींत थोडंही पुरतं. भाचीने विचार करून दिलं नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही. मलेशियात देणारी आणि घेणारी आई यांची ओळख करून देऊन, नोंद ठेवून दूध देण्याची वाट काढली आहे. आपल्याकडचे आलिम आणि पेढीचे डॉक्टर एका सतरंजीवर बसले तर इथेही निघेल असं मला वाटतं. धारावी, कुर्ला, गोवंडीची कितीतरी बाळं त्या वॉर्डात असतात.

परतीच्या आदल्या दिवशी वांद्र्याला एका नातलगाकडे गेलो होतो. शीवहून वांद्रे फार लांब नाही, मधे धारावी आणि मिठी नदी. तिथे कळलं की शीवला नवजात बाळांसाठी आयुष्य घालवलेल्या त्याच डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी उतारवयात वांद्र्यात रोमिला पॅलिएटिव्ह केअर हे केंद्र सुरू केलं, २०१७ साली. रोमिला त्यांची मुलगी. ती कॅन्सरने गेली. कॅन्सरच्या आणि बऱ्या न होणाऱ्या इतर आजारांच्या रोग्यांना त्रास कमी व्हावा आणि घरच्यांना सांभाळायची रीत कळावी, यासाठी ते काम करतं. बाळांना वाचवण्यात वर्षं घालवलेल्या डॉक्टरला स्वतःच्या लेकीजवळ बसावं लागलं आणि त्यातून हे उभं राहिलं. आपा ते ऐकून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिलाही नाव आहे, बघ. पाटीवर."

जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांचे खास विभाग आता बऱ्याच सरकारी रुग्णालयांत आहेत. तिथे सगळीकडे खुर्च्या मांडून बोलायला वेगळी खोली नसेल. पण बाळ जगणार नाही असं कळलं तर घरच्यांनी विचारण्यासारखं बरंच असतं. त्याला दुखतंय का, त्यावर काय देताय? आईला मांडीवर घेता येईल का, आणि कधी? अजान देऊ का? शेवटची वेळ जवळ आली तर आम्हाला उठवाल का? यातलं काहीही महाग नाही आणि डॉक्टरांना यात अपमान वाटत नाही. उलट घरचे विचारतात म्हटल्यावर सिस्टर जास्त बोलायला लागतात, हे मी तिथे इतर बाळांच्या बाबतीतही पाहिलं. फार तर "थांबा" म्हणतील.

भाची आता बरी आहे. अधूनमधून रात्री फोन करते आणि तिच्या मुलीचं नाव घेऊन बोलते. आपाही ते नाव घेते. गेल्या महिन्यात तर आपाने आपल्या मुलालाही एक नाव दिलं. कुणाला विचारलं नाही, फक्त मला सांगितलं.

जावई पंधरा दिवसांनी महापालिकेच्या एफ उत्तर विभागाच्या कार्यालयात दाखले आणायला गेला होता. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद पाहिले, जन्माचा आणि मृत्यूचा, तारखांत सहा दिवसांचं अंतर. जन्माच्या नोंदीत नावाची जागा रिकामी होती. नाव नंतरही भरता येतं, वर्षभरात फी लागत नाही. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "नाव टाकायचंय का?" तो हो म्हणाला आणि एकेक अक्षर सांगत गेला.